६० हजार जोड्यांची चाळ

आधी वासाबद्दल बोलू, कारण फोटोत तो येत नाही. स्वालबार्डमधला आल्केफ्येलेचा कडा डोळ्यांआधी नाकाला कळतो. ससून डॉक आठवा, त्यात फ्रीजमधला वारा सोडा... झालं! मग कलकलाट. आणि मग समुद्रातून सरळ वर गेलेले शंभरेक मीटरचे काळे दगडी खांब, प्रत्येक कपारीत खांद्याला खांदा लावून उभे ब्रुनिख्स गिलेमॉट. साधारण ६०,००० जोड्या. यापुढे विरार लोकल म्हणजे अगदीच ऐसपैस.

काळी पाठ, पांढरं पोट, म्हणून बोटीतलं अर्धं पब्लिक 'पेंग्विन!' म्हणून ओरडतं. नाहीत हो. हे मस्त उडतात. घरटं बांधायच्या भानगडीत मात्र पडत नाहीत. उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं.

फोटोवाल्यांची गोची इथेच होते. सगळ्यांना हवा असतो तो 'वॉव' शॉट, म्हणजे अख्खा कडा एकदम उडाला पाहिजे. पण पक्षी दचकून उडाले की अंडं नाहीतर पिल्लू खाली जातं, आणि ग्लॉकस गल नावाचे दांडगे टपलेलेच असतात. म्हणूनच १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये अशा कड्यांपासून एका सागरी मैलाच्या आत भोंगा वाजवायला बंदी आहे, आणि ५०० मीटरच्या आत बोटीला ५ नॉटची मर्यादा. तरी आमच्यातल्या एका महाभागानं विचारलंच, 'एकदाच हॉर्न मारला तर?' गाईडबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नंतर अर्धा तास बोटीत कुणी शिंकलंही नाही.

टिप्स? ट्रायपॉड घरी ठेवा, रबरी बोटीत त्याचा उपयोग शून्य. शटर १/२००० च्या आसपास. रात्री एकलाही ऊन असतं, तेव्हा झोपू नका. कॅमेऱ्याला रेनकव्हर हवंच. पावसासाठी नाही, वरून जे पडतं त्यासाठी!

जुलै संपता संपता पिल्लं उड्या मारतात. वय जेमतेम तीन आठवडे, उडता येत नाही. खाली पाण्यातून बाप हाका मारतो आणि हे कापसाचे गोळे धाडकन झोकून देतात. पाण्याऐवजी जमिनीवर पडलं तर कोल्हा आहेच. पुढे समुद्रात सांभाळतो तोही बापच. स्वालबार्डमधले हे पक्षी गेल्या काही दशकांत कमी झालेत, त्यामुळे एकेक उडी जीव मुठीत धरून बघावी लागते. माझ्याकडे त्या उडीच्या तेरा फ्रेम्स आहेत. बारांत नुसता कडा. तेराव्यात एक राखाडी ठिपका, पंख पसरलेला.

आणि हो, स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतूनच जाते. शेंगेन काढताना डबल एन्ट्रीच मागा.