बुश स्वस्त घेतला, शाफ्ट महागात पडला



छोटं मशीन बनवून विकायचं ठरलं की आपण मोटर कुठली, रंग कुठला यावर आठ दिवस घालवतो. आणि बुश? टर्नरच्या कोपऱ्यात जो तुकडा पडलाय, त्याचा! माझं स्पष्ट मत आहे, नवीन उद्योजकाचं नाव इथंच खराब होतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बुश झिजण्यासाठीच असतो, शाफ्ट वाचवण्यासाठी. म्हणून बुश नेहमी शाफ्टपेक्षा मऊ हवा. लोखंडी शाफ्टला लोखंडी पाइपचा बुश घातला, तर तेल संपलं की दोन्ही एकमेकांना धरतात.

मग घ्यायचं काय? आधी तीन प्रश्न विचारा: लोड किती, स्पीड किती आणि गिऱ्हाईक तेल घालणार का?

स्पीड कमी, धक्के नाहीत, तेल वेळेवर मिळणार, तर कास्ट आयर्न चालतं. त्यातलं ग्राफाइट घर्षण कमी करतं.

साधा एमएस शाफ्ट आणि मध्यम लोड असेल, तर गनमेटल. 85-5-5-5 म्हणजे तांबं 85 टक्के; कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5. शिशामुळे तेल थोडं कमी पडलं तरी तो सांभाळून घेतो. पण रसवंतीचं मशीन करताय आणि बुशचा रसाशी संबंध येतोय, तर शिसं असलेला गनमेटल अजिबात नको.

फॉस्फर ब्रॉन्झ जास्त कडक, जड लोडचा. पण "भारीतला टाकला" म्हणून खूश होऊ नका. त्याच्यासोबत शाफ्ट हार्ड केलेला हवा, नाहीतर शाफ्टच झिजतो.

नायलॉन हलका, आवाज कमी. पण तो पाणी शोषून फुगतो, गरम झाला की पसरतो. धातूइतकाच क्लिअरन्स ठेवला तर शाफ्ट जाम होणार.

आता पैशाचं बोलू. आतून 25, बाहेरून 35, लांबी 30 मिमी. असा गनमेटलचा तयार बुश साधारण 125 ग्रॅम भरतो. मशीनला दोन लागले तर पाव किलो. टर्निंगमध्ये जाणारा माल धरला तरी बचत किती होणार? उलट मशीन परत आलं की टेम्पोचं भाडं, नवीन शाफ्ट, एक दिवसाची मजुरी. आणि त्या गावात दुसरं मशीन विकलं जात नाही ते वेगळंच.

चांगलं मटेरियल घेतलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. बुश दाबून बसवला की आतलं भोक थोडं आवळतं. म्हणून बसवल्यावरच रीमर मारा. 25 मिमी शाफ्टला पाव ते अर्धा दशांश, म्हणजे 0.025 ते 0.05 मिमी क्लिअरन्स ही धातूच्या बुशसाठी चांगली सुरुवात. तेलाचं भोक वरच्या, लोड नसलेल्या बाजूला.

आपण कोल्हापुरात आहोत राव! उद्यमनगरात लेथ, शिरोली-गोकुळ शिरगावला फाउंड्री. "मटेरियल मिळत नाही" ही सबब इथं चालत नाही. मात्र पिवळं दिसलं म्हणजे गनमेटल, असं समजू नका. पितळही पिवळंच असतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर पुढचं दुकान बघा.

गिऱ्हाईक रंग पहिल्या दिवशी बघतं. बुश मात्र वर्षभर बोलतो, आणि तो तुमच्याच नावानं बोलतो.