प्लीहेला स्मशान म्हणू नका

‘प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचे स्मशान’ हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर. तरीही हे नाव मला पटत नाही.

आमच्या कबनुरात यंत्रमागांचा खडखडाट असतो. मागावरून उतरलेले कापड तपासणीच्या टेबलावरून सरकते आणि सदोष तेवढे बाजूला निघते. त्या टेबलाला कोणी कापडाचे स्मशान म्हणते का? डाव्या बरगड्यांखालची सुमारे १५० ग्रॅमची प्लीहा, आजीच्या भाषेत पाणथरी, हेच काम करते. तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन व्यासाची, तर प्लीहेतील फटी जेमतेम एक मायक्रॉन रुंद. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) लवचीक पेशी अंग चोरून पार होते. सुमारे १२० दिवसांची, ताठर झालेली पेशी अडकते व गिळली जाते.

आता थोडी भूमिती. ठरावीक घनफळाला सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचे असते. पाण्याने अर्धी भरलेली पिशवी हवी तशी वाकते. तट्ट भरलेली वाकत नाही. एका आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी चकतीऐवजी गोल होतात. त्या फटींत अडकतात, प्लीहा वाढते, रक्त कमी पडते. प्लीहा काढली की रक्त सुधारते, पेशी मात्र तशाच राहतात! दोष टेबलाचा नव्हताच. शिवाय प्लीहा जंतूंनाही गाळते. ती काढलेल्या तान्ह्या मुलांना जीवघेणे जंतुसंसर्ग होतात, हे १९५२ मध्येच दिसून आले होते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. अशा लहान मुलाच्या प्लीहेत कधी कधी काही तासांतच रक्त साचते आणि मूल दगावू शकते. जमैकात आयांना बाळाची प्लीहा चाचपायला शिकवले गेले. त्यामुळे असे मृत्यू घटल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मेळघाटात मात्र पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागण्याच्या, म्हणजे ‘डंबा’ देण्याच्या, बातम्या अजून वाचाव्या लागतात.

२०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ततपासणी होते, कार्डही मिळते. माझे म्हणणे एवढेच, की आजार निघालेल्या बाळाच्या कार्डाबरोबर आईला चाचपणीही शिकवावी. तिला उपकरण लागत नाही. बाळाला उताणे निजवायचे, डाव्या बरगडीखाली बोटे हलकेच ठेवायची. श्वास घेताना प्लीहा खाली सरकते. वाढलेली असेल तर तिचे टोक बोटांना लागते. ते कालच्यापेक्षा खाली आले आणि बाळ फिकट पडले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.