घर विका, ताबा मात्र शेवटी द्या



गावातले घर विकून तालुक्याला घर घेणारे आता गावोगाव दिसतात. पोरांचे शिक्षण, म्हाताऱ्यांचा दवाखाना ही कारणे खरी आहेत. गाव सोडू नका असला उपदेश करण्यात काही अर्थ नाही. तो उपदेश पुण्या-मुंबईला बसून करणारे पुष्कळ आहेत. मुद्दा सौद्याचा आहे. कापसात जे होते तेच इथे होते. विकायची घाई आपल्याला, घ्यायची घाईही आपल्यालाच, आणि दोन्हीकडे किंमत ठरवणार समोरचा.

गावच्या घराचे पैसे हातात पडल्याशिवाय तिकडच्या घराला देता येत नाहीत. तिकडचा मालक महिन्याभराची मुदत देतो. मग गावचे गिऱ्हाईक म्हणेल त्या रकमेला आपण मान हलवतो. त्याच्याकडून आलेला इसार जसाच्या तसा पुढे देऊन टाकतो. त्याने हात वर केले की तिकडचा आपला इसार बुडाला. म्हणून दोन्ही इसारपावत्या एकमेकींना धरून करा. तिकडची मुदत इकडच्या मुदतीनंतर निदान दोन महिन्यांनी संपली पाहिजे. पूर्ण रक्कम मिळून खरेदीखत नोंदले जाईपर्यंत ताबा देणार नाही, हे पावतीत लिहून घ्या. नोटरीपुढच्या स्टँपपेपरने मालकी बदलत नाही, ती दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच बदलते. हे घेताना लक्षात ठेवाच, देतानाही ठेवा. कापूस एकाधिकाराच्या काळात चुकाऱ्याचे हप्ते आपण पुरेसे मोजले आहेत. घराचे हप्ते मोजत बसू नका.

कोरडवाहू शेतकऱ्याचे घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे. कापूस त्याच घरात पडतो, ज्वारीची पोती तिथेच रचतात, मागे कडब्याची गंजी आणि बैलांचा गोठा. भाव पडला तर दोन महिने थांबू, असे आपण म्हणू शकतो ते या घराच्या जोरावर. तालुक्याच्या दोन खोल्यांत वीस क्विंटल कापूस कुठे ठेवणार? तो वावरातून थेट व्यापाऱ्याच्या काट्यावर जाईल, त्या दिवशीच्या भावाने. घराची किंमत करताना हा तोटा कोणी धरत नाही. जमत असेल तर राहते घर विका आणि गोठा व मागची मोकळी जागा राखून ठेवा. सगळेच विकायचे असेल तर ताब्याची तारीख कापूस विकून झाल्यानंतरची घाला.

घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या आधी घ्या, आणि त्यांचा वाटा देऊन घ्या. तो त्यांचा हक्कच आहे. सही राहिली की गिऱ्हाईक शेवटची रक्कम अडवून धरते आणि तिकडचा सौदा लटकतो.

कराचेही थोडे. ग्रामीण भागातली शेतजमीन विकली तर नफ्यावर आयकर नाही; घराला मात्र ती सवलत नाही. घर दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचे असेल आणि विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात घातलेल्या नफ्यावर कर लागत नाही. म्हणजे दोन वर्षांची सवड खुद्द कायदाच देतो. एका महिन्याची घाई आपण कोणासाठी करतो?

खरी अडचण उसनवारीची आहे. नोकरदाराला बँक नव्या घरासाठी कर्ज देते, म्हणून तो जुने घर सावकाश, भाव पाहून विकतो. आपण गावठाणातले घर तारण म्हणून दाखवले की बँक म्हणते, हा ग्रामपंचायतीचा उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही. 2020 मध्ये केंद्राने स्वामित्व योजना काढली, ड्रोनने गावठाणे मोजायला सुरुवात झाली. या कागदावर कर्ज मिळेल, असे तेव्हा सांगितले होते. ज्यांच्याकडे मालमत्ता पत्रक आले आहे त्यांनी ते घेऊन बँकेत जावे आणि कर्जाचा अर्ज लेखी द्यावा. नकार आला तर तोही लेखी मागावा आणि त्याची प्रत पुढच्या जिल्हा बैठकीला आणावी. तोंडी नकारावर कोणाला जाब विचारता येत नाही.