लेखणी कोणाच्या हातात?

परवा भुईगावच्या वाडीचा सातबारा मोबाइलवर पाहिला. दोन मिनिटांत! याच कागदासाठी आजोबांना तलाठी कचेरीत अख्खी सकाळ बसावं लागे. पण मंडळी, यंत्र आलं म्हणून लेखणीवरचा दाब गेला, असं मला नाही वाटत.

१८२८ च्या सुमारास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची मोजणी सुरू केली. हिशेब कागदावर शास्त्रशुद्ध, पण हाताखालच्यांनी लाच खाऊन नोंदी फिरवल्या आणि शेतकरी भरडला गेला. शेवटी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरात नव्याने सुरुवात करावी लागली. त्याच काळात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॅक्सन सरकारी जमीन कचेऱ्यांतल्या जागा आपल्या पक्षाच्या माणसांना देत होते. म्हणजे हा रोग काही फक्त आपल्या मातीतला नाही!

वसईत जमिनीला सोन्याचा भाव आला, तशी पुढाऱ्यांची नजर या खुर्चीवर गेली. २०२४ मध्ये तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला. पाटी बदलली, पण फेरफाराची नोंद अजून माणूसच करतो. प्रामाणिक माणसाला तिथे टिकायचं, तर गावाने त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं.

आणि आपणही जागं राहावं. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. तेव्हा परगावी, परदेशी असलेल्या भावंडांनो, अधूनमधून सातबारा उघडून बघा. नाव गेल्यावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा ते बरं.

असो. तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?