मांजरासाठीं अंगण

घरांतील मांजरास अंगणांत जाळीचें दालन बांधून द्यावें, ही कल्पना ऐकून आमच्या वयाच्या मंडळींस प्रथम हसूं येतें. चुलीच्या उबेस निजावें, कौलांवरून हिंडावें आणि शेजारच्या दुधावर डोळा ठेवावा, हा मांजराचा पिढीजात व्यवसाय. त्यास कुंपण कशाला? परंतु ज्या जगांत हा व्यवसाय चालत असे, तें जग आमच्या सावंगींत (मेघे) आतां उरलेलें नाहीं. १९९० सालीं येथें वैद्यकीय महाविद्यालय निघालें, त्याच्या जोडीस मोठें रुग्णालय आलें, आणि वर्ध्यालगतच्या या खेड्याचें पाहतां पाहतां उपनगर झालें. रुग्णवाहिका, मोटारी, फटफट्या यांचा ओघ रात्रींही थांबत नाहीं. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आहेत त्या वेगळ्याच. आमच्या आळींतून गेल्या पावसाळ्यापासून तीन मांजरें गेलीं. दोन चाकाखालीं आणि एक कुत्र्यांच्या तोंडीं. तेव्हां हसणें बाजूस ठेवून या विषयाचा विचार करणें प्राप्त झालें आहे.

एका वाचक भगिनीनें विचारिलें आहे कीं, मुक्या जनावरास असें कोंडणें हें पाप नव्हे काय? आमच्या मतें कोंडणें आणि राखणें यांतील भेद बव्हंशीं मापाचा आहे. प्राण्यास नीट हालचाल करतां येणार नाहीं इतक्या तोकड्या पिंजऱ्यांत त्यास ठेवणें, हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. पोपटाच्या पिंजऱ्याची थोरली आवृत्ति काढून तींत मांजर घालणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. एका मांजरास दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात फूट उंच एवढी जागा तरी द्यावी. आणि घरांतील खिडकीशीं ती जोडलेली असावी, म्हणजे आंत कीं बाहेर हें मांजराचें मांजरासच ठरवितां येतें.

आतां बांधणीकडे वळूं. आमच्या भागांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. नुसता खड्डा करून रोविलेला खांब दोन वर्षांत कलतो, दाराची चौकट अडते, कोपऱ्यांत फट पडते. आणि मांजरास फट म्हणजे अक्षता देऊन केलेलें निमंत्रण! यास्तव दोन-अडीच फूट खोल खड्डा घेऊन काळी माती काढून टाकावी, तळाशीं मुरूम व खडी ठोकून भरावी आणि त्यावर सिमेंट-काँक्रीटचा ठोकळा जमिनीवर वीतभर येईल असा बसवावा. खांब या ठोकळ्यावर लोखंडी पट्टीनें जखडावा. असें केल्यास बांबूचा खांबही चालतो. बांबूस हलका समजण्याचें कारण नाहीं. येथून जवळच सेवाग्रामास १९३६ पासून गांधीजींसाठीं ज्या झोपड्या उभ्या राहिल्या, त्या माती आणि बांबू यांच्याच आहेत. मात्र वाळवी लागूं नये म्हणून खांबास डांबर फांसण्याची आपली जुनी रीत येथें वर्ज्य समजावी. डांबर, क्रिओसोट, फिनेल यांतील द्रव्यें पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार अल्प असते, आणि हा प्राणी तर दिवसभर अंग चाटीत बसणारा. स्वतःस सतत मार्जन करणारा तो मार्जार, अशी व्युत्पत्ति वैयाकरण सांगतात, ती येथें त्याच्या जिवावर बेतते. त्याच कारणानें फरशी फिनेलनें धुऊं नये. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास देणें तर साक्षात् विष देणें होय.

जाळी एक इंच चौकोनाची, जस्ताचा मुलामा दिलेली व सांधे वितळवून जोडलेली घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी स्वस्त पडते खरी, पण ती कुत्रा दांतांनीं फाडतो. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत आणखी अर्ध्या इंचाची जाळी लावावी, म्हणजे सापाची वाटही बहुतेक बंद होते. तळाची फूटभर जाळी बाहेरच्या अंगास वळवून मातीखालीं पुरावी. उकरणारा कुत्रा कुंपणाच्या अगदीं कडेस उकरतो आणि तेथें त्याच्या पंजास जाळीच लागते. वरूनही संपूर्ण जाळी हवी. मांजर चढून जातें हें एक, आणि आमच्याकडे वानरांच्या टोळ्या उतरतात हें दुसरें.

छप्पराविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. मांजरास घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंगाची उष्णता बाहेर टाकण्याचीं त्याचीं साधनें तुटपुंजीं आहेत. तोंड उघडून धापा टाकणारें मांजर दिसलें कीं तें संकटांत आहे असें समजावें. म्हणून टिनाचा पत्रा घालूं नये. अर्ध्या भागावर गवताचें जाड छप्पर करावें, पश्चिमेची बाजू बांबूच्या तट्ट्यानें झांकावी, पूर्वेची मोकळी ठेवावी. मातीचें पसरट भांडें पाण्यानें भरलेलें असावें. दुपारीं खिडकी उघडी राहील ही जबाबदारी घरांतील एका नेमक्या माणसाकडे द्यावी. सर्वांकडे दिलेली जबाबदारी एकत्र कुटुंबांत कोणाकडेच नसते, हें आम्ही सांगावयास नको.

दारें एकामागून एक अशीं दोन असावींत. पहिलें लागल्यावांचून दुसरें उघडावयाचें नाहीं. मुलांच्या स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षां दारास दोरीनें वजन अडकवून तें आपोआप मिटेल असें करणें बरें.

आंत निरनिराळ्या उंचीवर फळ्या, काथ्या गुंडाळलेला एक खांब आणि वाळूची पेटी एवढें पुरें. कुंडींत दूर्वा लावाव्या. मांजरें त्या आवडीनें खातात. परसांत आपोआप उगवणारी खोकली हिच्या मुळाच्या वासानें मांजरें वेडीं होऊन लोळतात, ही मौज मुलांना अवश्य दाखवावी. कण्हेर, लिली, मनीप्लांट यांतील कांहींही जाळीजवळ नको. लिलीचा तर परागही घातक आहे. पिसाळ-रोगाची लस टोंचून घ्यावी आणि वंध्यीकरण करावें, नाहीं तर बोक्याच्या रात्रींच्या गायनानें दालन व घर दोन्हीं नकोशीं होतील.

आतां खरा अवघड मुद्दा. कोशकारांनीं या प्राण्यास दिलेल्या नांवांत आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा, असें एक नांव आहे. आपल्या घरांत मांजर दूधभातावर वाढतें असें आपण समजत आलों. वस्तुतः तें दूधभातावर जगत नव्हतें. रात्रीं बाहेर जाऊन तें उंदीर, पाली, पांखरें यांवर आपला निर्वाह करी आणि आपल्या सोवळ्यास धक्का न लावतां सकाळीं परत येई. टॉरीन नांवाचें द्रव्य मांजराचें शरीर पुरेसें निर्माण करूं शकत नाहीं व तें वनस्पतींत जवळजवळ नसतें. तें न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजून अंधत्व येतें, हें अमेरिकन संशोधकांनीं १९७५ सालीं दाखविलें. हृदय दुर्बल होऊन फुगतें, हें १९८७ सालीं उघडकीस आलें. दूध तर बहुतेक प्रौढ मांजरांना पचतही नाहीं. म्हणजे दार बंद केल्या क्षणीं आपण त्याची शिकार बंद करतो, आणि तें अन्न पुरविण्याचें ऋण आपल्या माथीं येतें. मांजरास शाकाहारी करूं पाहणारे सज्जन आम्हांस भेटतात. त्यांचा हेतु निर्मळ असेल, परंतु व्रत त्यांचें आणि उपवास मांजराचा, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

ज्या घरीं आवारांतसुद्धां सामिष अन्न येऊं देणें अशक्य आहे, त्यांनीं हें दालन बांधूं नये व मांजर पाळूं नये. इतरांसाठीं मार्ग सोपा आहे. मांजरांचें तयार कोरडें खाद्य मिळतें, त्यांत टॉरीन घातलेलें असतें. त्याचा डबा, वाटी आणि पळी दालनाबाहेरच्या कोनाड्यांत ठेवावी. स्वयंपाकघराशीं त्यांचा संबंध येऊं देऊं नये. आमच्या घरीं वडील मंडळींचा आक्षेप होता तो डबा कोठें राहणार याविषयीं. कोनाड्यास झांकण बसल्यावर तो मिटला. आतां सायंकाळीं दिवेलागणीनंतर धाकटी सून वाटी भरून आणते, आणि मांजर वरच्या फळीवरून तिच्या पावलांचा कानोसा घेत बसलेलें असतें.