बांगडा ताटात ठेवा, तोंडात कोंबू नका



आज मासळीचा दर किंवा डिझेल नाही, आपल्या घरातल्या रात्रीच्या जेवणाबद्दल बोलू. दर्यावर जाणाऱ्याच्याच घरात पोर ताटातला बांगडा बघून तोंड फिरवतं आणि नूडल्स मागतं, हे आता घरोघरी दिसतं. खाल्लंच तर इसवणाची तळलेली, बिनकाट्याची तुकडी. तारले, पेडवे बघितले की "नाका!"

यावर आपल्याकडे दोनच उपाय चालतात. एक, दम देऊन घास कोंबणं. दुसरा, "खा, मग चॉकलेट देतो." आम्हाला दोन्ही पटत नाहीत. कोंबलेल्या घासाची मुलाला भीती बसते. आणि चॉकलेटची लाच दिली की मुलाला एवढंच कळतं, की मासा ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस.

साधारण २ ते ६ वर्षांच्या वयात नवीन पदार्थाला नाही म्हणणं हे बहुतेक मुलांच्या स्वभावातच असतं. तो हट्टीपणा नव्हे. नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती ८-१०, कधी १५ वेळासुद्धा समोर यावी लागते, असं आहारतज्ज्ञ सांगतात. आपण मात्र तीन-चार वेळा बघतो आणि "आमच्या बाबूला मासे आवडतच नाहीत" असं जाहीर करून टाकतो, तेही त्याच्याच समोर! मग त्यालाही ते खरं वाटतं.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी सोपा नियम सांगितलाय. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आम्हाला हा नियम पटतो, कारण त्यात रोजची भांडणं नाहीत.

आपल्या घरात हे असं करता येईल. ताटात त्याच्या ओळखीचं काहीतरी असू द्या, भात किंवा सोलकढी. बाजूला बोटाच्या पेराएवढा मासा. खाल्ला तर ठीक, नाही तर गप्प राहा. वेगळी नूडल्स मात्र शिजवू नका. सुरुवात लेपो किंवा मुडदुश्यांनी करा. मांस मऊ, काटा सहज सुटतो. तारल्याचा काटा बारीक, म्हणून तो नंतर, आणि नीट निवडूनच. हुमणात तिखट घालण्याआधी थोडा रस बाजूला काढा. मुलाला बाजारात न्या, मासे हाताळू द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीव्ही बंद करून त्याच्यासोबत बसून तुम्ही स्वतः चवीने खा.

कुणी म्हणेल, "मोठा झाला की खाईल आपोआप." काही मुलं खातातही. पण घरात जी चव कधी समोरच आली नाही, ती पुढे परकीच राहते. बांगडा-तारल्यात प्रथिनं आहेत, ओमेगा-३ आहे, ड जीवनसत्त्व आहे, आणि दर इसवणापेक्षा कितीतरी कमी. शिवाय मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, लहान माशांत कमी. म्हणजे रापणीला येणारी स्वस्त मासळीच पोरांसाठी जास्त चांगली. आपलीच मुलं ती ओळखेनाशी झाली, तर उद्या ती फक्त फिश मीलच्या कारखान्यात जायची.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या ६१ दिवसांतही सवय तुटू देऊ नका. गालम्याची चिमूटभर किसमूर पुरे, मीठ जास्त असतं म्हणून थोडीच.

एक लक्षात ठेवा. मासे खाऊन अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, प्रत्येक घासाला ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर तो नखरा समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्यांनी धीर धरावा. जाळं एकदा रिकामं आलं म्हणून आपण होडी विकत नाही. मग चौथ्या "नाका"ला हार का मानायची?