शोधनिबंधालाही सनद लागते

महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आता प्रकल्प आणि शोधनिबंध लिहावे लागतात. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीला यात मदत करणारे कोणी नसते. मग ती मोबाईलवर विषय शोधते, चार उतारे उतरवते आणि शेवटी संदर्भ म्हणून ‘गूगल’ लिहून मोकळी होते. गूगल हा संदर्भ नव्हे. तो फक्त वाट दाखवतो.

संदर्भ म्हणजे काय, हे आपल्या घरांत समजावणे सोपे आहे. हदीस कोणी कोणाकडून ऐकली, हे मुहद्दिस आधी पाहत. रावींची ती साखळी म्हणजे सनद. सनद कच्ची असेल तर हदीस जईफ ठरे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतही फासिकाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. निबंधातही हाच नियम: कोणी लिहिले, कोणत्या पुस्तकात, कोणत्या वर्षी, कोणत्या पानावर.

आता आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. गडचिरोलीतील गावांवर लिहायचे आहे, पण जुन्या पुस्तकांत ‘गडचिरोली जिल्हा’ सापडणार नाही, कारण तो 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याही मागे गेलो तर चंद्रपूरचे नाव ‘चांदा’ असे मिळते. 1909 चे इंग्रजी गॅझेटियर चांदा जिल्ह्याच्याच नावाने आहे. 1951 ची जनगणना पाहायची तर मध्य प्रदेशचे खंड उघडावे लागतात, कारण 1956 पर्यंत आपण त्या राज्यात होतो. म्हणून शोधताना तिन्ही नावे टाकावीत, आणि पुस्तकावर जे नाव छापले आहे तेच संदर्भात लिहावे.

पीएच.डी.चे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रबंधात दुसऱ्या पुस्तकातले वाक्य दिले असेल, तर शक्यतो ते मूळ पुस्तक पाहावे. ते मिळाले नाही, तर कोणाच्या प्रबंधातून घेतले ते प्रामाणिकपणे लिहावे.

मेंढा-लेखासारख्या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावातील बुजुर्गांची मुलाखत हाही संदर्भच आहे. त्यांची परवानगी घ्यावी, गाव आणि तारीख नोंदवावी. ते गोंडीत बोलले असतील, तर भाषांतर कोणी केले तेही लिहावे.

एआयपासून मात्र सावध राहावे. कधीही न छापलेल्या पुस्तकाचे नावही ते खात्रीने सांगते. जे पुस्तक आपण उघडून पाहिले नाही, ते यादीत घालू नये. हा आपल्या अमानतदारीचा प्रश्न आहे, आणि पुढे शिक्षणाचाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपुढे गेले, तर तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो. 60 टक्क्यांपुढे गेले, तर नोंदणीच रद्द होते. इतक्या वर्षांची मेहनत आणि आई-वडिलांनी भरलेली फी वाया जाते.

उपाय साधा आहे. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. पुस्तक हातात घेताच लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान लिहावे. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीखही लिहावी.

आई-वडिलांना विषय समजला नाही तरी चालेल. संध्याकाळी एवढेच विचारा, “बेटा, हे कुठून घेतलंस? पान दाखव बरं.”